भुकेचा पुरावा

माझ्या खानावळीत कुणीही पाय ठेवला की मी पहिलं विचारते, "जेवलात का?" आता खानावळीत आलेला माणूस जेवायलाच आला असणार, एवढी अक्कल मलाही आहे. पण आमची खानावळ बोरसावंगीच्या सरकारी दवाखान्याच्या फाटकासमोर. आत कुणाची बायको बाळंत होत असते, कुणाच्या आईला सलाईन लावलेलं असतं, आणि बाप्या बाहेर नुसता पाण्याचा तांब्या पुढ्यात घेऊन बसतो. त्याला विचारावं लागतं. विचारल्यावर त्याला आठवतं की आपण कालपासून तोंडात काही घातलेलं नाही.

अशी मी, सारिका बालाजी दुधभाते. दोन वेळा पंगती उठवणारी बाई, आणि मीच उपोषणाला बसले. गावानं काय कमी चेष्टा केली? "आडनाव दुधभाते आणि निघाली उपाशी राहायला!" हसा म्हटलं. हसून झालं की मंडपात येऊन बसा.

कारण काय, तर आमच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद करायचा हुकूम आला होता. यापुढं बायकांनी जिल्ह्याच्या खासगी हॉस्पिटलात जायचं. रस्ता चांगला असला तर दोन तास लागतात. रस्ता कधी चांगला असतो, ते मात्र हुकुमात लिहिलेलं नव्हतं. पेपरवाल्यांनी छापलं की मी गावासाठी बसले. छापू देत. खरं सांगायचं तर मी माझ्या सुनेसाठी बसले. ईश्वरीला नववा लागला होता, आणि मुलगा माझा नोकरीसाठी परगावी. आणि त्याच्याही मागचं खरं सांगायचं, तर हा वॉर्ड नव्हता तेव्हा माझी पहिली मुलगी जीपमध्येच गेली होती, जिल्ह्याच्या वाटेवर, माझ्या मांडीवर. तिचं नावसुद्धा ठेवायचं राहिलं. ते पुन्हा माझ्या घरात होऊ द्यायचं नाही, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

पण आता उपोषण पूर्वीसारखं सोपं राहिलेलं नाही. गादी टाकली, हार घातले, बसलं, असं चालत नाही. प्रमाणित व्हावं लागतं. सरकारचा माणूस येतो, दंडावर रुपयाएवढी पट्टी चिकटवतो. पट्टीला केसापेक्षा बारीक सुया असतात, त्या दुखत नाहीत. रक्तातलं एक आम्ल ती सारखी मोजत राहते. आकडा एकच्या वर असला तर तुम्ही उपाशी. सलग सात दिवस वर राहिला की सरकारला हुकूम थांबवून सुनावणी घ्यावीच लागते. तोपर्यंत त्या जागेतली खुर्चीही हलवायची नाही, असा नियम. पण आकडा एकदा खाली आला, की तुमचं उपोषण मोडलं, आणि त्या विषयावर वर्षभर कुणालाच बसता येत नाही.

"आणि पट्टी नाही लावली तर?" मी रणपिसे साहेबांना विचारलं. यश रणपिसे, उपोषण प्रमाणन अधिकारी. पोरगा तिशीचाही नसेल. इस्त्रीचा शर्ट, बोलणं एकदम मऊ.

"मग मॅडम, तुम्ही जेवला नाहीत इतकंच. ते उपोषण होत नाही."

"जेवलात का तुम्ही?" मी सवयीनं विचारलं.

"थँक यू मॅडम, दंड इकडं करा."

*

ते आम्ल म्हणजे काय भानगड आहे, ते ईश्वरीनं मला आदल्या दिवशी समजावलं होतं. ती दवाखान्याच्या लॅबमध्येच टेक्निशियन आहे. पोटावर हात ठेवून ती आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसली आणि फळीवरच्या बरण्यांकडं बोट करायला लागली.

"आई, ती चिंच, ते लिंबाचं लोणचं, ती आमसुलं, हे ताक. सगळं आंबट. पण आंबट का, माहितीये?"

"मी घातलंय म्हणून."

"थांबा हो जरा. कार्बनची एक साखळी असते. तिच्या टोकाला आम्लाचा गट असतो, त्यानं आंबटपणा येतो. ह्या सगळ्यांच्या साखळीला आणखी एक गोष्ट लटकलेली असते, ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी. तिला हायड्रॉक्सी म्हणतात. म्हणून ही सगळी हायड्रॉक्सी आम्लं. चिंचेतलं टार्टारिक, लिंबातलं सायट्रिक, ताकातलं लॅक्टिक. एकाच भावकीतली आहेत सगळी."

"मग माझ्या अंगात कुठलं? चिंच का लिंबू?"

ती हसली. हसली की तिच्या गालाला खळी पडते आणि मला राग धरता येत नाही. "तुमच्या अंगातलं वेगळं. खाणं बंद झालं की साखर संपते. मेंदूला तर काहीतरी पाहिजेच, आणि चरबी त्याला तशीच्या तशी चालत नाही. मग यकृत चरबी मोडतं आणि तिचं एक हायड्रॉक्सी आम्ल बनवतं. बीटा-हायड्रॉक्सी ब्युटिरिक. बीटा म्हणजे ती जोडी आम्लाच्या टोकापासून दुसऱ्या घरात बसलेली. ते रक्तातून मेंदूकडं जातं आणि मेंदू त्याच्यावर चालतो. तुमची पट्टी तेच मोजते."

"म्हणजे भूक मोजते."

"भूक नाही हो मोजत, आम्ल मोजते," ती म्हणाली. "तान्ह्या बाळाचासुद्धा मेंदू पहिले काही दिवस बराचसा ह्याच आम्लावर चालतो. आईला नीट दूध उतरेपर्यंत."

मी तेव्हा पोळ्या लाटत होते. एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्या कानानं सोडून दिलं.

"आणि कुणी बाटलीतलं आम्ल आणून प्यालं तर?" हे विचारलं आमच्या ह्यांनी. बालाजीराव दिवसभरात चार वाक्यं बोलतात, त्यातलं एक नेमकं कामाचं असतं.

"प्यायचे ना! सुरुवातीला बरेच पुढारी प्यायचे. आत वडापाव खायचे, बाहेर आकडा तीन. पण ह्या आम्लाचे दोन जुळे असतात, डाव्या आणि उजव्या हातासारखे. दिसायला तेच, पण एकमेकावर ठेवलं तर बसत नाहीत. आपलं शरीर एकाच हाताचं बनवतं. कारखान्यातल्या स्वस्त मालात दोन्ही हातांचं मिसळलेलं असतं. आता पट्टीला दुसरा हात सापडला की ती लगेच ओरडते. म्हणून तर ते लोक छाती ठोकून सांगतात की यंत्र फसत नाही."

"मला कुठं फसवायचंय?" मी म्हटलं. "मी खरंच उपाशी बसणार आहे."

*

पहिले दिवस काय गेले म्हणून सांगू! आकडा चढला. अर्धा, मग एक, मग दीड. तिसऱ्या दिवशी अडीचच्या वर. मंडपात टीव्ही लावला होता, त्याच्यावर माझा आकडा मोठ्या अक्षरात दिसायचा. रिक्षावाले जाता-जाता ओरडायचे, "काकू, किती?" आणि आतली पोरं ओरडायची, "दोन पॉइंट सहा!" माझं डोकं दुखत होतं, तोंडाला सडक्या फळासारखा वास येत होता, पण अंगात असा काही तोरा आला होता की बस. समोरच आमची खानावळ. ह्यांनी फोडणी टाकली की वास थेट मंडपात. मी ह्यांना निरोप पाठवला, लसणाची फोडणी बंद करा, नाहीतर मी तिथं येऊन कढई उलटी करीन.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर बायका मात्र जत्रेला याव्यात तशा आल्या. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरनं, तान्ही पोरं काखेला मारून. आणि बायका नुसत्या कशा येतील? माझ्या उपोषणाला यश यावं म्हणून कुणी सत्यनारायण घातला, कुणी देवीला अभिषेक केला, कुणी महादेवाला. पूजा झाली की प्रत्येक जण मंडपात तीर्थ घेऊन हजर. गडव्यात पंचामृत, त्याच्यावर तुळशीचं पान.

"सारिकावहिनी, हात पुढं करा."

मी हात पुढं करायची. तीर्थाला कुणी नाही म्हणतं का? आमच्यात निर्जळी उपास करणारी बाईसुद्धा तीर्थ घेते. ते खाणं नसतंच मुळी. तळहाताच्या खोलगटात पळीभर घ्यायचं, ओठाला लावायचं, उरलेला ओला हात डोक्यावरनं फिरवायचा. माझ्या मनाला एकदाही शिवलं नाही की आपण काही गिळतोय. त्या दिवशी किती बायका आल्या मी मोजल्या नाहीत. रांग फाटकापर्यंत गेली होती, आणि बाया आमच्याकडच्या, हात आखडता घेणाऱ्या नाहीत. पळी म्हणजे भरून पळी. कुणाकुणाची दोनदा.

चौथ्या दिवशी सकाळी पोरांनी आकडा ओरडायचं बंद केलं. टीव्हीवर शून्य पॉइंट दोन.

रणपिसे साहेब आले. चेहऱ्यावर ना राग ना आनंद. "मॅडम, तुम्ही काही घेतलंत?"

"पाणी."

"पाण्यानं असं होत नाही. साखर पोटात गेली की इन्सुलिन वाढतं, आणि यकृत हे आम्ल बनवायचं थांबवतं. यंत्र चुकत नाही. तुम्ही काल काहीतरी गोड खाल्लंय. बऱ्यापैकी."

"माझ्या लेकरांची शपथ, घास नाही खाल्लेला मी!"

मागून एक म्हातारी बाई भोळेपणानं म्हणाली, "घास कुठला साहेब, नुसतं तीर्थ घेतलंय तिनं."

रणपिसे साहेबांनी विचारलं तीर्थ म्हणजे काय काय, आणि त्या माऊलीनं पदर सावरून सगळं सांगितलं. दूध, दही, तूप, मध, साखर. साखर जरा सढळ हातानंच.

 तोपर्यंत खरंच लक्षात आलं नव्हतं, देवाशपथ. मी रोज पातेलीभर साखर मोजणारी बाई, आणि तीर्थात साखर असते हे मला आठवलं नाही. कारण ते माझ्या लेखी खाण्यात मोडतच नव्हतं.

"तीर्थानं उपास मोडत नाही, साहेब," मी म्हटलं.

"तुमचा मोडत नसेल. नियमाचा मोडला." त्यांनी माझ्या दंडावरची पट्टी हलक्या हातानं काढली, जखमेवरचं बँडेज काढावं तशी. "सॉरी मॅडम. उपोषण रद्द."

*

दुपारी ईश्वरी आली. तिला वाटलं होतं मी रडत असेन. मी काही रडत नव्हते. मी चिडले होते, आणि चिडले की मी समोर येईल त्याच्यावर निघते.

"तुझ्या त्या आम्लानं घात केला माझा!"

"आम्लानं? आई, गडवाभर पंचामृत प्यालात तुम्ही. मला एकदा विचारायचं तरी!"

"देवाचं तीर्थ घेताना सुनेची परवानगी घेऊ?"

"मग यंत्राला का शिव्या घालता? त्यानं जे दिसलं ते सांगितलं."

"म्हणजे मी खोटी?"

"असं म्हटलं का मी?" तिचा आवाज चढला, आणि लगेच तिनं कमरेला हात लावला. "तुम्ही घरी चला. जेवा. मी जाईन जिल्ह्याला. पुष्कळ बायका जातात."

पुष्कळ बायका जातात. ते ऐकलं आणि माझ्या मांडीवर मला पुन्हा ते ओझं जाणवलं, ती दुपट्यातली गुंडाळी. मी तिला म्हटलं, "मी इथून उठणार नाही. पट्टी नसली तर नसली. रद्द त्यांनी केलंय, मी नाही केलेलं."

बायकांना सांगितलं, तीर्थ आणायचं तर जरूर आणा, मी नाही म्हणणार नाही, पण नुसतं पाण्याचं आणा, वर तुळशीचं पान. त्या दिवसापासून बायका तसंच आणायला लागल्या. टीव्ही मात्र पोरांनी काढून नेला. आकडाच नाही तर दाखवायचं काय?

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच टेम्पो आला. उपोषण रद्द झालं म्हणजे वॉर्ड हलवायला मोकळीक. हमालांनी बाळंतपणाच्याच दोन खाटा बाहेर काढल्या, टेम्पोत चढवल्या. मी फाटकातच मंडपाची सतरंजी ओढून बसले. टेम्पोवाला म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा." मी म्हटलं, "माझ्यावरनं घाल." त्यानं इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवली.

तेवढ्यात आमचे हे खानावळीतून धावत आले. त्यांना मी लग्नानंतर पहिल्यांदाच धावताना बघत होते. "ईश्वरी!" एवढंच म्हणाले.

दिवस भरायला अजून अवकाश होता, पण पोटातल्या लेकराला कोण सांगणार? जिल्ह्याच्या हॉस्पिटलची गाडी मागवली. फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, गाडी निघालेली आहे, अंदाजे अडीच तास. ईश्वरीच्या कळा बघून मस्के सिस्टर म्हणाल्या, "अडीच तास? हिला तासाचीही फुरसत नाही."

मस्के सिस्टरच्या हातून ह्या वॉर्डात निम्मा तालुका जन्मलेला आहे. त्यांना लेखी तंबी होती, की नवीन बाई दाखल करून घ्यायची नाही. दोन खाटा निघाल्यावर वॉर्डाला पुन्हा कुलूप लागलं होतं. किल्ली त्यांच्याकडून काढून घेतलेली होती. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, कोपऱ्यातला ऑक्सिजनच्या टाकीचा पाना उचलला, आणि कडीवर असा घातला की कुलूप कडीसकट खाली आलं.

"सिस्टर, नोकरी जाईल," कुणीतरी म्हणालं.

"जाऊ दे. खाट आण!"

हमालांनी टेम्पोतली एक खाट उतरवली आणि धावतच आत नेली. मी बाहेर व्हरांड्यात बसले. उभं राहायची ताकद नव्हती. पोटात कावळे ओरडायचेही थांबले होते. मी देवाला एवढंच म्हटलं, ह्या वेळी नको. काय घ्यायचं ते माझं घे. ह्या वेळी नको.

आणि मग ते रडणं ऐकू आलं. बारीक, पण असं रागीट की मस्के सिस्टर आतून ओरडल्या, "दुधभातेबाई, नात झाली! तुमच्यावरच गेलीय!"

मग मात्र मी रडले. अगदी पोट धरून.

*

लेकरू दिवस भरायच्या आधी आलेलं, म्हणून सिस्टर थोड्याथोड्या वेळानं तिच्या टाचेचा थेंब घेऊन साखर बघत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत गेले, तर ईश्वरी तिला पाजत होती. सिस्टर म्हणाल्या, साखर जरा कमी आहे, पण पहिल्या दिवसांत असतेच, लेकरू छान आहे, रंग चांगला, ओढतेही चांगली.

"साखर कमी, मग ती एवढी टवटवीत कशी?" मी विचारलं.

"सांगितलं नव्हतं का तुम्हाला?" ईश्वरी थकलेल्या आवाजात म्हणाली. "मेंदूला दुसरं इंधन असतं. तेच तुमचं हायड्रॉक्सी आम्ल."

पोळ्या लाटताना दुसऱ्या कानानं सोडून दिलेलं ते त्याच कानानं परत आलं. मी तिथंच खाटेची दांडी धरली.

"ईश्वरी, हिचा आकडा किती असेल?"

तिनं माझ्याकडं बघितलं. पोरगी हुशार, तिला क्षणात कळलं. आणि तिचा चेहरा कठीण झाला. "नाही. आई, माझं बाळ म्हणजे तुमचा बॅनर नाही. तिला पट्टी चिकटवायची नाही."

मला लाजच वाटली. खरं होतं तिचं. कालची जन्मलेली पोर, आणि मी तिला मंडपात बसवायला निघाले. "चुकलं माझं," मी म्हटलं आणि बाहेर येऊन सतरंजीवर बसले.

थोड्या वेळानं रणपिसे साहेब आले, टीव्हीला आकडा पोचवणारी मंडपातली त्यांची पेटी परत न्यायला. हातात रक्ताच्या थेंबावरनं तेच आम्ल मोजणारं छोटं यंत्र होतं. मागोमाग वरून फोन होता वाटतं, हमालही पुन्हा कामाला लागले. एक, दोन, तीन खाटा बाहेर. ईश्वरीची खाट तेवढी राहिली. साहेबांनी माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं.

"साहेब, मी अजून बसलेली आहे," मी म्हटलं. "सहावा दिवस."

"मॅडम, कृपया. यंत्राच्या दृष्टीनं तुम्ही जेवलेल्या आहात."

"यंत्राच्या दृष्टीनं?" आवाज व्हरांड्यातून आला. ईश्वरी उभी होती, शालीत पोर गुंडाळलेली, केस मोकळे, पाय अजून थरथरत होते. आमचे हे तिला धरून मागं उभे. "साहेब, तुमचं हातातलं यंत्र चालू आहे?"

"आहे. पण..."

"आत या. सिस्टर आता हिच्या टाचेचा थेंब घेणार आहेत. साखरेसाठी. घ्यायचाच आहे. त्यातला उरलेला थेंब वाया जातो. तो तुमच्या यंत्राला द्या."

मी म्हटलं, "ईश्वरी, अगं राहू दे."

"तुम्ही गप्प बसा, आई. काल तुम्ही फाटकात बसला नसता तर ही खाट टेम्पोतून जिल्ह्याला गेली असती." तिचे डोळे भरले होते, पण आवाज नाही. "तेव्हा तुम्ही मागत होता. आता मी देतेय. फरक आहे."

सगळे आत गेलो. सिस्टरनी टाच पुसली, टोचलं, पोरीनं आभाळ डोक्यावर घेतलं. साखरेचा थेंब साखरेच्या यंत्रावर. उरलेला थेंब रणपिसे साहेबांच्या यंत्राच्या पट्टीवर. यंत्र जरा वेळ घुमलं. मग त्यातून एका बाईचा गोड आवाज आला.

"एक पॉइंट चार. उपोषण प्रमाणित. कृपया उपोषणकर्त्याचं नाव सांगा."

 पोर पुन्हा आईच्या अंगाला चिकटून चुटूचुटू दूध ओढायला लागली.

"कृपया उपोषणकर्त्याचं नाव सांगा," यंत्र म्हणालं.

"नाव नाही ठेवलेलं अजून," मस्के सिस्टर यंत्राकडं वाकून म्हणाल्या. "बारशाला ये."

टेम्पोवाला दारातून बघत होता, तो फिसकन हसला. रणपिसे साहेब नाही हसले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ते हातातलं यंत्र उलटंपालटं करून बघत होते.

"हे... हे बरोबर आहे," ते ईश्वरीला म्हणाले. "म्हणजे यंत्र बिघडलेलं नाही. नवजात बाळात हे असतंच, नाही का?"

"असतंच. निरोगी आहे ती. यंत्र खोटं बोलत नाही, साहेब. तुम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारता. त्याला आम्ल कळतं. कोण जेवलं, कोण उपाशी, कोण कशासाठी बसलं, हे त्याला कुठून कळणार?"

आता मला राहवलं नाही. "सांगा की साहेब! पोटभर दूध पिणारी ही उपोषणाला बसलीय, आणि पाच दिवस अन्नाचा कण न खाल्लेली मी जेवलेली आहे. एक तर तुमच्याच यंत्रानं वर्षभराची बंदी विसरून प्रमाणित केलेलं हिचं उपोषण लिहून घ्या, म्हणजे वॉर्डाची खुर्ची हलवता येणार नाही. नाहीतर लिहा की आकडा म्हणजे पुरावा नाही. मग माझंही रद्द केलेलं रद्द. दोन्हीतलं काहीही लिहा. मला दोन्ही चालतं."

त्यांनी फोन लावला. व्हरांड्यात फेऱ्या मारत बोलले. परत आले. "वरून म्हणतायत, पुन्हा एकदा थेंब घ्या. दुसऱ्या यंत्रावर."

मस्के सिस्टर खाटेच्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. ठेंगणी बाई, पण दार भरल्यासारखं झालं. "माझ्या वॉर्डातल्या लेकराला कागदासाठी पुन्हा सुई लागणार नाही. वरच्यांना सांगा, स्वतःची टाच घेऊन या."

 रणपिसे साहेबांच्या हातातला फोन पुन्हा वाजायला लागला. त्यांनी तो बघितला, आणि खिशात टाकला. वाजू दिला.

"मला लिहावं लागेल," ते हळू म्हणाले, "की ह्या प्रकरणात आकडा पुरावा धरता येत नाही. माझी बदली होईल बहुतेक."

"होऊ दे," मी म्हटलं. "बोरसावंगीला मागून घे. जेवायची सोय आहे."

"पण मॅडम, मग आकडा नसताना तुम्ही उपाशी आहात, हे मी कशावरून लिहू?"

"विचार ना मला," मी म्हटलं. "इतके दिवस येतोस, माझा दंड बघतोस, टीव्ही बघतोस. एकदा तरी मला विचारलंस?"

त्या पोरानं मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. खोल गेलेले डोळे, फुटलेले ओठ, जे काय असेल ते त्याला दिसलं असणार. 

"काकू," तो म्हणाला, "जेवलात का?"

"नाही," मी म्हटलं.

त्यानं तेवढंच लिहिलं, आणि टेम्पोवाल्याला हाक मारून खाटा खाली उतरवायला सांगितलं.